अ‍ॅम्पवरचा हात

गाणं सुरू झालं की तो अ‍ॅम्प्लिफायरवर तळहात ठेवायचा. आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, सपाट. मग डोळे मिटून, पानाचा तोबरा एका गालात सरकवून म्हणायचा, "गार हाय. वाजू द्या."

नव्वदच्या दशकात तुम्ही राजारामपुरीत गाडीला टेप बसवायला गेला असाल, तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. त्याच्या दुकानाशेजारी माझं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान. पाटीवर 'कुशन' लिहिलेलं, म्हणून तो मला कुशनच म्हणायचा. त्याच्या वूफरच्या लाकडी खोक्यांना कार्पेट चिकटवायचं काम माझ्याकडे यायचं. त्यामुळे वर्षानुवर्षं मी त्याची बडबड ऐकली, आणि त्याच्या दणक्यानं तिरकं झालेलं माझ्या भिंतीवरचं घड्याळ रोज सरळ केलं.

गिऱ्हाइकाची मागणी ठरलेली असायची. लहान अ‍ॅम्प, त्यावर दोन वूफर आणि दणका मात्र सगळ्या गल्लीला ऐकू गेला पाहिजे. मग याचं प्रवचन सुरू व्हायचं.

"पावणं, चार ओहमचं दोन वूफर शेजारी शेजारी जोडलं की भार दोन ओहमवर येतोय. ओहम जेवढं कमी, तेवढी अ‍ॅम्पला वढ जास्त. ह्यो चारच्या खाली गेला की जळणार. आठ-आठचं दोन आणा, मग चार भरतंय. न्हायतर एकच लावा आन् गप घरी जावा."

"दुसरीकडं लावून देत्यात की, मामा."

"मग हितं कशाला आलासा? तिकडंच जळू दे की."

गिऱ्हाईक तावातावानं भांडायचं आणि तरी थांबायचं. त्यानं जोडलेला अ‍ॅम्प जळून परत आल्याचं मी पाहिलं नव्हतं.

याचा अर्थ तो फार काटेकोर होता असं समजू नका. भार मोजायचा मीटर होता त्याच्याकडे, पण त्यातला सेल कायम संपलेला. वूफरच्या मागचा आकडा वाचायला चष्मा लागायचा आणि चष्मा लावायची लाज वाटायची. त्याची रीत साधी होती. अंदाजानं जोडायचं, गाणं लावायचं, हात ठेवायचा. चटका बसला की जोडणी चुकली, सोडून परत जोडायची. "मीटर खोटं बोलंल, हात न्हाय," हे तो मला मुद्दाम ऐकवायचा. मी टेपनं दोनदा मोजल्याशिवाय कात्री लावत नाही, म्हणून.

पुढे त्याच्या रक्तात साखर निघाली. ती बातमी त्यानं सगळ्या गल्लीला हसत हसत सांगितली. "ऊसपट्ट्यातला माणूस मी. साखर न्हाय तर काय मीठ निघणार?" चहातली साखर त्यानं कमी केली नाही. गोळ्या खणात स्क्रूंच्या शेजारी पडलेल्या असायच्या. मग चालता चालता त्याच्या पायातली चप्पल निसटायला लागली. चप्पल मागे राहायची आणि तो तसाच पुढे जायचा. आम्ही हसायचो, तोही हसायचा.

एका दुपारी कागलचा एक जीपवाला दोन नवे वूफर घेऊन आला. यानं ते आठ ओहमचे धरले आणि शेजारी शेजारी जोडले. ते चारचे होते. गाणं लागलं. यानं हात ठेवला, डोळे मिटले. "गार हाय. वाजू द्या." मी खोक्याच्या कडेचं कार्पेट दाबत तिथेच बसलो होतो. जरा वेळानं वास आला. आधी वाटलं वायर तापली. मग वाटलं माझंच कार्पेट चिकटवायचं सोल्युशन. तेवढ्यात जीपवाला ओरडला, "मामा, हात काढा!"

त्यानं हात उचलला. अ‍ॅम्पच्या पाठीवरच्या पट्ट्या तळहातावर लाल उमटल्या होत्या आणि मधली कातडी सुटली होती. तो त्या हाताकडे नुसता बघत राहिला. गाणं अजून चालूच होतं. मग ते आपोआप बंद पडलं, अ‍ॅम्प गेला होता.

"गारच लागला की रं," तो मला म्हणाला.

मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली, मग त्याच्या तळपायाला सुई टोचून विचारलं, "कळतंय?" तो छताकडे बघत "व्हय" म्हणाला. त्यांनी सुई बाजूला ठेवून पुन्हा विचारलं. तेव्हाही तो "व्हय" म्हणाला.

हात बरा झाला. मी मीटरमध्ये नवा सेल घालून दिला, त्याकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. पण त्यानंतर जोडणी झाली की भिंतीवर थाप पडायची. "ए कुशन, ये की, च्या आलाय." चहा कधी आलेला असायचा, कधी नसायचा. तो गिऱ्हाइकासमोर अ‍ॅम्पवर आपला हात ठेवायचा आणि मी सहज टेकल्यासारखा शेजारी माझा. मी मान हलवली की तो मोठ्यानं सांगायचा, गार हाय. यावर आमच्यात कधी एक शब्द झाला नाही. समोर मीटर धूळ खात असताना हा उद्योग कशाला, म्हणून मला त्याचा राग यायचा. आणि थाप पडली की मी कात्री टाकून जायचो. काही वर्षं असंच चाललं.

मग त्याच्या चपलेत एक खिळा घुसला आणि तो त्यावर दिवसभर चालला. जखम चिघळत गेली, शेवटी पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दुकान बंद झालं. काही महिन्यांनी तो गेला. निरोप आला तेव्हा मी मशीनवर होतो. हातातली शिवण पुरी केली आणि मग उठलो. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

दुकान बंद झाल्यावर, तो जायच्या आधी, एकदाच मी उचगावला त्याच्या घरी गेलो होतो. वहिनींनी चहा आणला. त्याचा कप आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिला, फुंकर घातली आणि मग त्याच्या हातात दिला. तेवढा वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. मी बाजाराच्या, पेठेतल्या, कुणाकुणाच्या गाड्यांच्या गप्पा मारल्या. तो हूं हूं करत राहिला.

निघताना त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. आयुष्यभर पक्कड चालवलेले हात. माझी बोटं एकमेकांवर चढली आणि अंगठी हाडात रुतली.

"लई दाबतोय का रं?" त्यानं विचारलं. "मला आता हाताला काय कळत न्हाय."

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलला.

"न्हाय," मी म्हणालो. "धर."

त्यानं आणखी घट्ट धरला.