ऑर्व्हलच्या चाली

ऑर्व्हल कॉडिलला पुरलं त्या दिवशी फिडल वाजवायला कुणीच नव्हतं. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण आमच्या डोंगरात त्याला दुसरं नाव कुणी घेत नाही. चाळीस वर्षं खोऱ्यात लग्न असो, मयत असो, शनिवारचा नाच असो, वाजवणारा ऑर्व्हलच. आणि आता तोच पेटीत निजलेला. मी गिटार घेऊन उभा होतो, डेल्मर न्हावी मँडोलिन घेऊन, आणि नेड्रा स्लोन बँजो घेऊन. तिघांनी सुरुवात केली खरी, पण सगळं वाढून झालं आणि ताटात भाकरीच नाही, तसं झालं.

नेड्रा तेव्हा एकसष्टची. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दोन लेकी ओहायोत, नवरा त्याच्याही पलीकडे, दुसऱ्या बाईबरोबर. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "गेला तो गेला, पण माझी चांगली कढई घेऊन गेला." ऑर्व्हलच्या उजव्या हाताला बसून तिनं बावीस वर्षं बँजो वाजवला.

ऑर्व्हलजवळ सत्तरेक चाली होत्या. त्यातल्या निम्म्या दुसऱ्या कुणालाच येत नव्हत्या. काही आजोबांकडून आलेल्या, काही त्यानंच खाणीतून घरी येता येता रचलेल्या. एकदा विद्यापीठातला एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. ऑर्व्हलनं त्याला घेवडा आणि मक्याचा पाव पोटभर खाऊ घातला, तीन तास खाणीतल्या गोष्टी सांगितल्या, आणि फिडल काही पेटीबाहेर काढलं नाही. पुढे कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं काळी पडली, तेव्हा तारांवर गज ओढायलाही दम पुरेना.

दफनाला आठ दिवस झाले आणि त्याची बायको आयसी शाळेच्या मागच्या दारात उभी राहिली. हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं फिडल.

"हे घे," ती नेड्राला म्हणाली.

"मला? आयसीमावशी, अहो मी बँजोवाली."

"बावीस वर्षं शेजारी बसलीस. तुझ्याइतकं त्याला कुणी ऐकलंय?"

"ऐकणं वेगळं, वाजवणं वेगळं."

"मग काय करू? भिंतीवर हरणाच्या मुंडक्याशेजारी टांगू?"

नेड्रानं पिठाचे हात पुसले आणि ते घेतलं.

पहिलं वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक; माझं घर तिच्या घराच्या खालच्याच वळणावर. तिचा डावा हात तयार होता, बँजोनं बोटं घट्ट केली होती. पण उजव्या हातानं गज धरायचा, आणि तो हात म्हणजे तान्हं पोर. तिचा कुत्रा माझ्या ओसरीवर राहायला आला तो वसंतापर्यंत परत गेला नाही. डेल्मर दाढी करता करता गिऱ्हाइकांना सांगायचा, "वरच्या अंगाला मांजर ओरडलं तर घाबरू नका. नेड्रा शिकतेय."

हे तिच्या कानावर गेलं. ती दुकानात आली, खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाकडे बघत म्हणाली, "डेल्मर, तू वस्तरा शिकलास तेव्हा या खोऱ्यानं रक्त सांडलंय. मी निदान कुणाला कापत तरी नाही." त्या दिवसापासून डेल्मर दर गुरुवारी मँडोलिन घेऊन तिच्याकडे जायला लागला, आणि मीही.

मग आम्ही चाली गोळा करायला बसलो. मँडोलिनच्या तारा फिडलसारख्याच लावतात, त्यामुळे सूर डेल्मरच्या बोटांत होते. ताल नेड्राजवळ. मला वाजवायला बेताचंच येतं, पण मी पोस्टमन. कुठल्या चालीला ऑर्व्हल काय म्हणायचा, कुणाच्या लग्नात ती पहिल्यांदा वाजवली, हे माझ्या डोक्यात पत्त्यांसारखं बसलेलं. तिघांनी मिळून एक ऑर्व्हल उभा करायचा. दोन वर्षांत चाळीसच्या वर चाली परत आल्या.

अडलं ते एका चालीपाशी. नाच संपवताना ऑर्व्हल एक चाल वाजवायचा. तिला नाव नव्हतं. पहिला भाग तिघांनाही पाठ. दुसरा भाग तिघांचा तीन तऱ्हेचा.

"तो इथून वरच्या सुरात जायचा," डेल्मर म्हणाला.

"खाली जायचा," मी म्हणालो. "मी समोर उभा असायचो."

"तू समोर उभा राहून बायका बघायचास, होबर्ट!"

एवढ्यावरून आम्ही दोघं तीन आठवडे बोललो नाही. मी केस वाढू दिले, पण त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही. नेड्रा दोघांकडे चकरा मारून थकली आणि शेवटी आयसीकडे गेली.

आयसी म्हणाली, "मी कधी नाचले नाही, मी कॉफी वाढायची. ओपल स्पार्कमनला विचारा. त्या चालीवर सगळ्यात शेवटपर्यंत तीच नाचायची."

"ओपलमावशीला? तिला स्वतःचं नाव आठवत नाही आता."

"मग नाव विचारू नका."

ओपलमावशी एक्क्याण्णव वर्षांची, तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात. आम्ही दुपारी गेलो. डेल्मर आणि मी एकाच गाडीत, तोंडं दोन खिडक्यांकडे. ती चाकाच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर शाल, पायांत लोकरीचे मोजे. नेड्रानं जवळ जाऊन म्हटलं, "मावशी, नाचायला येता?" ती शालीच्या दशा चाळवत राहिली.

आम्ही पहिला भाग वाजवला. आणि तिचे पाय हलायला लागले. आधी टाचा, मग चवडे. चेहरा होता तसाच, कुणीकडे न बघणारा, पण पाय अगदी नेमके. दुसऱ्या भागात डेल्मर त्याच्या तऱ्हेनं वर गेला. पाय थांबले. पुन्हा सुरुवातीपासून, या वेळी माझ्या तऱ्हेनं खाली. बसल्या जागी पाय पुढे चालू राहिले, चार पावलं, आणि पुन्हा अडखळले.

"माझं निम्मं तरी बरोबर आलं," मी म्हणालो.

"गप्प बसा दोघं," नेड्रा म्हणाली. ती वाद्याकडे बघतच नव्हती. खाली वाकून त्या मोज्यांकडे बघत होती. "अरे, तिला एक पाऊल जास्त हवंय. इथे एक मात्रा जास्त आहे. आपण तिघांनी आपापल्या डोक्यात ती चाल सरळ करून ठेवली!"

तिनं एकटीनं वाजवलं. त्या जागी गज एक मात्रा जास्त ओढला, आणि ओपलमावशीचा डावा पाय तिथे किंचित उचलला गेला, हवेत थांबला, आणि उतरला. मग भाग संपेपर्यंत ती कुठेच अडली नाही. आम्ही नऊ वेळा वाजवलं. नवव्या वेळेला ती स्पष्ट म्हणाली, "ऑर्व्हल, आता पुरे, माझे पाय दुखले."

नेड्रा म्हणाली, "बरं, मावशी." आणि गज खाली ठेवला. गाडीत बसल्यावर डेल्मरनं मला एवढंच विचारलं, "केस कधी कापायचे?"

ऑगस्टात जुन्या शाळेच्या दालनात नाच झाला. आयसी पहिल्यांदाच कॉफी सोडून समोरच्या बाकावर बसली. शेवटची चाल झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि नेड्रा घामाघूम होऊन तिच्यापुढे उभी राहिली.

"बरोबर होतं का, मावशी?"

आयसीनं तिला बाकावर शेजारी बसवलं. मग म्हणाली, "तो घाई करायचा. ही चाल वाजली की घरी जायचं असायचं ना त्याला. तू घाई करत नाहीस." नंतर तिनं नेड्राचा हात हातात घेतला आणि बोटांच्या टोकांवरून, तारांनी घट्टे पडले होते तिथून, अंगठा फिरवत बसली.

याला चार वर्षं झाली. बऱ्याच चाली आलेल्या नाहीत, आणि आता येतील असं मला वाटत नाही. ज्या आल्या त्यांच्यातही नेड्रा हल्ली स्वतःच्या जागा घेते. गेल्या गुरुवारीच डेल्मर वाजवता वाजवता थांबला.

"ऑर्व्हल असं नव्हता वाजवत."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग काय? त्याच्या आजोबांनी वाजवलं तसं त्यानं तरी कुठे वाजवलं? उचल मँडोलिन. पहिल्यापासून."

डेल्मर पुटपुटत राहिला, पण त्यानं मँडोलिन उचललं.