नरोत्तमभाईंचं रक्त

नरोत्तमभाई पाटील पहिल्यांदा माझ्या लॅबमध्ये आले, तेव्हा मी त्यांचं रक्त घेण्याआधी त्यांनीच माझी परीक्षा घेतली. रिकामी नळी उजेडात धरून पाहिली, तिच्यावरचं स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि तळाशी लागलेल्या औषधाकडे बोट केलं. "हाई काय शे?" रक्त गोठू नये म्हणून असतं, मी सांगितलं. सुई नवी आहे का, आधीच्या माणसाची नळी कुठे ठेवली, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी बाही वर केली. बाहेर माणसं ताटकळलेली. मी वैतागून म्हटलं, "भाई, यंत्र चांगलं आहे हो माझं." तर म्हणाले, "यंत्र चांगलं ऱ्हास बेन. नमुना कसा लिधा ते कोनी इचारत नही."

शहाद्याजवळच्या साखर कारखान्यात ते केमिस्ट होते. उभा जन्म रसातली साखर मोजण्यात गेलेला. शेतकरी उसाचं कांडकं घेऊन यायचे, स्वतः चावून दाखवायचे आणि म्हणायचे, "भाई, चाखी तर दखा, मध शे मध!" भाई चाखायचे नाहीत. दोन थेंब साखर मोजायच्या यंत्राच्या काचेवर पिळून घ्यायचे, डोळा लावायचे आणि आकडा सांगायचे. "तुन्ही जीभ तुन्हा ऊसले नाव ठेवनार शे का?" असं वर ऐकवायचे. लोक चिडायचे, पण दुसऱ्या हंगामात पुन्हा त्यांच्याकडेच यायचे.

दमा त्यांच्या घरात दोन माणसं खाऊन बसला होता. सारंगखेड्याच्या घरी वडील गेले ते खाटेच्या काठाला धरून, बसल्या बसल्या, हवेसाठी तोंड उघडं ठेवून. थोरले भाऊही तसेच गेले. पन्नाशीत भाईंची स्वतःची छाती वाजायला लागली, तेव्हा त्यांच्या बायकोने, मंगुबेनने, घरात बोलणंच टाकलं. भाईंनी मात्र मला स्पष्ट सांगितलं, "मी तसा मरनार नही. हाई मन्ही जिद्द शे." बोलताना आवाज चढलेला नव्हता. उद्या गाळप सुरू आहे, इतक्या साधेपणाने ते बोलले.

डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं ते इओसिनोफिल मोजायला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा हा एक प्रकार. काही जणांच्या दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज येते, तेव्हा या पेशी रक्तात वाढतात. माणसाला बरं वाटत असतं आणि आत सूज धुमसत असते, तेव्हाही कधी कधी आकडा आधी ओरडतो. भाईंना हे फार पटलं. पण जंत असले तरी हा आकडा वाढतो, म्हणून डॉक्टरांनी आधी जंताची गोळी दिली, तेव्हा काय संताप! "मन्हा पोटमा जंत? मी काय धूळमा लोळनारं पोर शे?" मंगुबेन पदर तोंडाला लावून हसत होती. कितीतरी दिवसांनी हसली असेल बिचारी. गोळी घेऊन झाली, तरी आकडा चढलेलाच राहिला. मग तोंडाने औषध ओढायचा पंप सुरू झाला, सकाळ-संध्याकाळ. भाई पंप घ्यायचे, चूळ भरायचे आणि ठरल्या वेळी रक्त द्यायला यायचे. आकडा हळूहळू खाली येत होता.

सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा झाली, घोडे गेले, पालं उठली. पुढे उन्हाळ्यात त्यांचं रक्त तपासलं तर इओसिनोफिल जवळजवळ नाहीतच! मी पुन्हा मोजलं. तेच. भाई खुर्चीतच ताठ झाले. "आकडा बोलना! आते पंप कसाले?" अहो, म्हटलं, पंपाने इतका खाली येत नाही, आधी डॉक्टरांना दाखवा. ऐकतील तर शपथ. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या जिभेवर विश्वास ठेवला नाही, तो आता आकड्याच्या पायाशी लोटांगण घालून बसला होता. पंप बंद. आणि वर श्वासही मोकळा! मी बोलत राहिले, ते हसत राहिले. मला इतका राग आला की त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही.

पण मी गप्प बसणारी नव्हे. भाईंचा चेहरा सुजून गोल होत चालला होता. मी त्यांच्या रक्तातली साखर तपासली, ती वाढलेली. मी थेट डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावून भाईंना एकच प्रश्न विचारला, "स्टिरॉइडच्या गोळ्या कोण देतंय तुम्हाला?" कुणीच नाही, म्हणून भाईंनी आईची शपथ घेतली. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. दवाखान्याच्या पायरीवर ते थांबले. मग मला म्हणाले, कारखान्यात एकदा रसाचा आकडा रोज कमी यायला लागला होता. सगळे यंत्र उघडून बसले. भाई एकटे ऊस पिळायच्या गिरणीपाशी गेले, तर वरच्या नळाचं पाणी थेंब थेंब त्याच तोटीत पडत होतं, जिथून नमुना भरत. "मन्हामा बी कोनी तरी पानी टाकी ऱ्हायनं," ते म्हणाले आणि घरी गेले.

स्वयंपाकघरात त्यांनी एकेक डबा उघडला. मधाच्या बरणीमागे पुड्या निघाल्या. यात्रेत कुठल्याशा गावाहून आलेला एक जडीबुटीवाला पाल ठोकून बसला होता. 'दमा मुळापासून बरा' असा त्याचा भोंगा दिवसभर ओरडायचा. मंगुबेनने त्याच्याकडून पुड्या आणल्या होत्या. संपल्या की कुणाच्या तरी हाती आणखी मागवायची. रोज सकाळी मधातून द्यायची. भाई मध समजून चाटायचे. त्या जडीबुटीच्या भुकटीत काय कुटून घातलं होतं, ते भाईंच्या रक्तानेच सांगितलं. स्टिरॉइड पोटात गेलं की इओसिनोफिल असे गायब होतात. त्यांच्याबरोबर हाडं, साखर, डोळे सगळ्याचंच वाटोळं व्हायला लागतं.

दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याकडे आली. मला वाटलं, आता भांडण ऐकावं लागणार. मंगुबेनच आधी बोलली. "मन्हा सासराले मी दखं, जेठले दखं. छाती अशी वाजे, दुसरी खोलीमा आयकू ये. मंग यासनी बी वाजाले लागनी. मी काय करू, बेन?" भाई तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "तुले भेव वाटनं, तू दिधं. त्यान्हामा तुन्ही काय चुकी? मीच इचारं नही, आकडा कसा उतरना. खुशी व्हयनी ना, म्हनी इचारं नही." त्या माणसाबद्दल माझ्या मनात जी माया आहे ती त्या वाक्यापासून आहे.

पुढचे दिवस वाईट होते. पुडी एकदम तोडली तर जिवाला धोका, म्हणून डॉक्टरांनी स्टिरॉइडचीच मोजून-मापून गोळी दिली आणि तिची मात्रा हळूहळू कमी करत नेली. पंप पुन्हा सुरू. भाईंचं अंग ठणकायचं, जिना चढताना पाय लटपटायचे. गोळी उतरली तसा आकडा वर सरकला. छाती परत वाजली. एकदा तर दवाखान्यात वाफ आणि ऑक्सिजन लावून ठेवावं लागलं. मंगुबेन माझा हात धरून रडली, "एकच पुडी, बेन. एकच. श्वास तर सापडी त्यासले." मलाही त्या क्षणी वाटलं, द्यावी. भाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "नही. आते जे येई ते मन्हं ऱ्हाई," एवढंच बोलले आणि मास्क पुन्हा लावला.

डॉक्टरांनी पंप बदलला आणि भाईंना समोर बसवून तो नीट ओढायला लावला. भाई रक्त द्यायला यायचे, भिंत धरत यायचे, पण यायचे. आकडा चढलेला असला तरी "लिही दे" म्हणायचे. थंडी गेली. मग एकदा आकडा थोडा उतरला, पुढच्या वेळी आणखी थोडा. यावेळी मी आनंदाने ओरडलेच, तर मलाच दटावलं, "आनंदमा घाई नको करू." चेहरा पूर्वीचा झाला. ते पुन्हा कारखान्यात जायला लागले, पुन्हा शेतकऱ्यांशी भांडायला लागले.

असं तीन-चार हंगाम चाललं. मागच्या वर्षी एका दुपारी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा डॉक्टर त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत होते. उपाय काही उरला नव्हता. तासाभरात गेले.

मंगुबेन बाहेर बाकड्यावर बसली होती. डोळे कोरडे. माणसं येत होती, बायका गळ्यात पडत होत्या, ती कुणाकडे बघेना. मी जवळ बसले तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"तू मझार, त्यासनापाशी व्हती ना? खरं सांग. छाती वाजत व्हती का त्यासनी?"

"नही," मी म्हटलं. "डॉक्टरसनी छातीले नळी लाईसन दखं. एकदम साफ व्हती."

"वाजत नव्हती?"

"नव्हती, बेन."

तिने मनगट सोडलं, आणि मग मोठ्याने रडायला लागली.