कंसात लिहायचा भाऊ

आमचा भाग मुंबई राज्यात गेला त्या वर्षी मी गावच्या शाळेत मराठीचं व्याकरण शिकवत होतो. वाक्याचे तुकडे करून फळ्यावर तक्ता आखायचा आणि ज्याचा उच्चारच झालेला नाही असा कर्ता ओळखून कंसात लिहायचा. त्याला अध्याहृत म्हणतात. हा शब्द पोरांच्या तोंडी बसेस्तोवर माझा घसा बसायचा, आणि त्या बसल्या घशाचाही मला थोडा गर्व होता.

घरी थोरल्या भावाचा माझ्याशी अबोला होता. दोन वर्षांपूर्वी भाताच्या रोवणीला त्याला चिखलात एकटं सोडून मी मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेलो, एवढंच कारण. परत आल्यावर एका अंगणात राहून वर्षभर आम्ही बोललो नाही. सांगायचंच काही असलं तर तो बैलाला सांगे, मी ऐके. निभत होतं.

त्या पावसाळ्यात मोठी उघाड पडली. आमच्या बोडीतलं, म्हणजे लहान तळ्यातलं पाणी आधी त्याच्या बांधीत, भाताच्या वाफ्यात येई. त्यानं मधला धुरा, तो मातीचा बांध, फोडला तरच ते खाली माझ्या बांधीत उतरे. माझे पऱ्हे, रोवायची ती कोवळी रोपं, पिवळे पडायला लागले होते. एका संध्याकाळी बैल बांधता बांधता तो बैलाला म्हणाला, "सकारी धुरा फोडीन म्हणतो. खाली पाणी पायजे असन."

मी दिवसभराचा शिणलेला. तोंडातून मास्तरच निघाला. "कोणाले सांगून राहिला, भाऊ? नाव घेऊन सांग ना."

त्यानं दाव्याची गाठ पुन्हा एकदा ओढली आणि घरात गेला. सकाळी धुरा तसाच.

भात वाढताना बायको म्हणाली, "'कोणाले' ते शाळेतल्या पोरायले इचारा. घरी कायले इचारता?"

चार दिवस पऱ्हे बघत बसलो. पाचव्या दिवशी शाळेतून आलो तर भाऊ ओसरीवर होता. मी गोठ्यात उभा राहून बैलाला सांगितलं, की बोलण्यात चूक झाली. बैलानं शांतपणे ऐकून घेतलं. ओसरीवरून नुसता खोकला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर भाऊ धुरा फोडत होता. गढूळ पाणी हळूहळू खाली येत होतं. अर्धे पऱ्हे तोवर गेलेच होते. त्यानं मान वर केली नाही. शेजारी आणखी एक फावडं पडलं होतं. कोणासाठी आणलं, हे मी विचारलं नाही. उचललं आणि माती ओढायला लागलो.