नदीच्या पात्रातला तंबू
काल बाल्कनीत तंबू वाळत घातला आणि ओल्या कापडाच्या कुबट वासानं क्योतोतल्या पहिल्या वर्षीची एक दुपार आठवली. इंटरनेटवर शोधून मी आणि नवरा एका लहानशा गावाजवळच्या नदीवर गेलो होतो. तिथे कॅम्पिंग फुकट होतं. पाण्यालगतच्या गोट्यांवर तंबू ठोकून चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात एक आजोबा बांधावरून धावत आले आणि जपानीत भराभर काहीतरी बोलू लागले. आम्हाला एक अक्षर कळेना. "इथे परवानगी नाही म्हणतायत का?" मी विचारलं. "अगं, साइटवर स्पष्ट फ्री लिहिलंय!" नवरा म्हणाला. लांब कुठेतरी भोंगा वाजत होता, तो आम्हाला कारखान्याचा वाटला. आजोबांनी सरळ आमच्या खुंट्या उपटायला सुरुवात केली. मी चिडून मराठीतच ओरडले, "अहो, तुम्ही कोण आम्हाला हाकलणारे?" ते थांबले नाहीत. त्यांनी तंबू ओढत बांधावर नेला आणि तिथे स्वतःच पुन्हा ठोकू लागले, तेव्हा तर आम्ही पार गोंधळलो. थोड्या वेळानं धरणातून सोडलेलं पाणी आलं आणि आम्ही बसलो होतो ती जागा बघता बघता बुडाली. मी नुसतेच हात जोडले. आजोबा टोपी काढून कमरेत वाकले, 'सुमिमासेन' म्हणाले आणि निघून गेले. माफ करा, एवढा अर्थ मला कळला. आता मला जपानी बरं येतं, तरी ते माफी कशाची मागत होते, हे अजून उमगलेलं नाही.