खिळेमास्तरांचा डावा गाल

शेवटच्या दिवशी दुपारी खिळेमास्तरांनी डावा तळवा उघडला आणि उजव्या अंगठ्यानं त्यावर काहीतरी मळायला लागले. तळव्यावर काहीच नव्हतं. पण काय चाललंय ते घरात कुणाला विचारावं लागलं नाही. बोलणं कधीच गेलेलं, तोंड उघडत नव्हतं, दूध नळीतून. आणि हा माणूस रिकाम्या हातावर तंबाखू मळत होता.

धाकट्या भावाला बघवेना. तो वहिनीला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, हळूच म्हणाला, "वहिनी, नुसती हातात देऊ का? वासापुरती. आता काय राहिलंय?"

"नाही. या घरात नाही म्हणजे नाही."

मास्तर डोळ्यांनीच हसले. चला, जिंकलीस तू, असं ते हसू. मूठ मिटली, चादरीवर ठेवली. दिवेलागणीला गेले.

तो "नाही" वहिनीच्या घशात अडकून बसलाय. धड गिळवत नाही, धड थुंकवत नाही.

मास्तर सोफे, खुर्च्या नव्या करून द्यायचे. जुनं कापड फाडायचं, स्प्रिंगा बांधायच्या, फोम घालायचा, वर कापड ताणून कडेनं बारीक बारीक खिळे ठोकायचे. आता सगळे मशीननं पिना मारतात. मास्तर म्हणायचे, "पिन म्हणजे पाहुणी. आज आहे, उद्या नाही." एका हातात ताणलेलं कापड, एका हातात हातोडी, मग खिळे कुठं धरणार? तोंडात. मूठभर खिळे गालात, जिभेनं एकेक फिरवून ओठावर आणायचे, दोन बोटांनी उचलायचे, ठक. गिऱ्हाईक काही विचारायला लागलं की नुसतं "हं, हं". लोक म्हणायचे, मास्तरांशी भाव करून उपयोग नाही, ते तोंडच उघडत नाहीत. त्यावरून खिळेमास्तर हे नाव पडलं. खरं नाव रेशनकार्डालाच माहीत.

आणि दुसऱ्या गालात तंबाखू. ती लग्नाच्या आधीपासूनची. वहिनी गमतीनं म्हणायची, "मी दुसरी बायको, पहिली गालात आहे." मुलगी झाली, रांगायला लागली आणि एक दिवस पुडी हातात घेऊन चोखत बसलेली सापडली. त्या दिवशी गंमत संपली. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "या घरात पुन्हा पुडी दिसली तर मी दिसायची नाही. पोरीला घेऊन जाईन."

मास्तर घाबरले. खरंच घाबरले. बायकोवर जीव होता माणसाचा. पुडी पुन्हा घरात दिसली नाही. शर्टाचे खिसे उलटे करून बघितले तरी धूळ आणि दोरे. मास्तर संध्याकाळी दुकानाच्या नळावर तोंड घासून घासून धुवायचे आणि मग घरी यायचे. वहिनी सगळ्यांना सांगायची, "सुटली बाई एकदाची! मी सोडवली."

मग सरकारनं पण बंदी आणली. कोपऱ्यावरच्या टपरीत पुड्यांच्या माळा लोंबायच्या त्या एका दिवसात गेल्या. वहिनी मुद्दाम तिथं काडेपेटी घ्यायला गेली. "कसं वाटतंय?"

टपरीवाला म्हणाला, "वहिनी, बंदी माळेवर आली, तोंडावर नाही. पूर्वी पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र तरी असायचं. लोक शिव्या घालायचे, पण बघायचे. आता कागदाच्या बिननावाच्या पुडीत काय येतं ते मलापण ठाऊक नाही."

"म्हणजे विकता अजून!"

"मी कुठं तसं म्हटलं?"

वहिनी रागारागात घरी आली. हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं दुखणं, असंच तिला वाटलं. आपल्या घरात तर बंदी कधीच लागली होती.

गालात आतून पांढरा चट्टा आला तेव्हा मास्तर म्हणाले, "खिळा बोचला." वहिनीनं मध लावला. बरं होईना तसं तिनं बाजार पालथा घालून लोहचुंबकाची हातोडी आणली. डबीतला खिळा आपोआप चिकटतो, तोंडात धरायला नको. मास्तर बिचारे मुकाट्यानं ती वापरायला लागले. खिळे सुटले. चट्टा काही जाईना. मग भाकरीचा घास बारीक करावा लागला, मग दोन बोटं तोंडात मावेनात.

गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू?"

मास्तरांनी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "छे! कधीच सोडली. खिळे धरायचे ना तोंडात, त्यानं झालंय."

मास्तर आपल्या चपलांकडे बघत बसले. डॉक्टरांनी मलम दिलं. मलमात पावसाळा गेला, हिवाळा गेला.

मोठ्या दवाखान्यात गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला बाहेर बसवलं आणि मास्तरांना एकट्याला विचारलं. परत आत बोलावलं तेव्हा सगळं कळलं. तंबाखू एक दिवस सुटली नव्हती. शेवटी शेवटी ती बिननावाची, काय भेसळ असलेली कुणास ठाऊक. वहिनी तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. "मला का नाही सांगितलंत हो?"

मास्तरांचे शब्द तेव्हा बोबडे व्हायला लागले होते. म्हणाले, "तू गेली असतीस ना."

आता लोक येतात, बसतात, वाद घालतात. कुणी म्हणतं विकणाऱ्याला आत टाका, कुणी म्हणतं उघड विकू द्या आणि माणसाला शहाणं करा. वहिनी चहा देते आणि ऐकते. तंबाखूला ती आजही चांगलं म्हणणार नाही, सगळी जाळून टाका म्हणेल. पण सोडवायची तर माणसाच्या पाठीवर हात ठेवून सोडवायची होती, दारात उभं राहून नाही, हे तिला उशिरा समजलं. एवढ्यासाठी ती कधी गेली नसतीच. कुठं जाणार होती?

परवा धाकट्यानं दुकान उघडलं. मास्तरांनी अर्धी सोडलेली एक खुर्ची होती, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. वहिनी त्याचा डबा घेऊन गेली. ती आत आल्याबरोबर हा भिंतीकडे तोंड करून उगाच दोरा शोधायला लागला.

"भाऊजी, इकडे उजेडात या."

"काही नाही वहिनी, दोरा..."

"मी ओरडणार नाही. चूळ भरून या आणि आ करा."

तो चूळ भरून आला आणि स्टुलावर बसला, पोरासारखा. वहिनीनं मोबाईलची बॅटरी लावली. चमच्याच्या दांड्यानं डावा गाल बाजूला केला. बराच वेळ बघितलं.

"हे पांढरं काय आहे?"

"ते? खिळा बोच..." तो थांबला. खाली बघत म्हणाला, "दादाचे खिळे उजव्या गालात असायचे, वहिनी. कायम उजव्या. मला माहीत होतं. तंबाखू डावीकडे. माझीपण डावीकडेच असते."

"कधीपासून आहे हे?"

"दादा झोपून होता तेव्हापासून."

वहिनीनं बॅटरी बंद केली. त्याच्या हातातली हातोडी काढून खुर्चीवर ठेवली.

"चला. रिक्षा थांबवते. आणि तिथं तुम्ही बोलायचं. मी गप्प बसेन."