रेघेबाहेरचा चेंडू

ऑर्विल टेगन यांना स्वतःच्या मैदानात कधी एका जागी बसवलंच नाही. आयोवातल्या त्या गावातला गाद्यांचा कारखाना त्यांचा, बेसबॉलचा संघही त्यांचाच. पण मालकाच्या जागेवर बसायची ती त्यांची बायको व्हर्ना. ऑर्विल कुंपणाकडेने येरझारा घालत राहायचे.

म्हणूनच अठ्ठावन्न सालच्या अंतिम सामन्यातला तो चेंडू त्यांना दिसला. त्यांच्या डेल नावाच्या खेळाडूने तो कुंपणापलीकडे टोलवला, पण पडला बाजूच्या रेघेच्या हातभर बाहेर, म्हणजे धावा नाहीत. अंपायरने मात्र होमरन दिला. गाव जिंकलं, माणसं नाचू लागली. ऑर्विल चार पावलं गेले, परत फिरले, पुन्हा निघाले आणि थेट मैदानात शिरले.

"चेंडू बाहेर पडलाय. माझ्यासमोर पडला," ते अंपायरला म्हणाले.

"मालक, वेड लागलंय का तुम्हाला?" डेल ओरडला.

निर्णय फिरला. पुढच्याच चेंडूवर डेल बाद झाला, सामना गेला. दोन वर्षं गावात कुणी ऑर्विलशी धड बोललं नाही.

वीस वर्षांनी ऑर्विल गेले, तेव्हा डेल व्हर्नाला भेटायला आला. तो आता शाळेतल्या पोरांना खेळ शिकवायचा.

"बाई, चेंडू बाहेर गेला की पोरं आपणहून सांगतात. त्याला आमच्यात 'टेगन करणं' म्हणतात."

व्हर्ना हसली.

"शेवटपर्यंत मला विचारायचे, 'खरंच बाहेर पडला होता ना गं?'"

"मग तुम्ही?"

"'बाहेरच,' म्हणायचे मी. मी तर चेंडू उडाला तेव्हा डोळे गच्च मिटून घेतले होते."