फक्कीनं आखलेलं गोदाम

गिरणीची भिंत पडली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. नगरच्या एका ठेकेदाराकडे ओव्हरसियर म्हणून लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. डिप्लोमाचा कागद अजून कोरा करकरीत होता आणि नकाशा नीट काढला की इमारत आपोआप नीट उभी राहते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

शहराबाहेर एका तेलगिरणीची शेड आम्ही बांधली होती. दगडी भिंती, वर पत्रे, पुढच्या बाजूला पाच फुटी दार. सगळं माझ्या नकाशाबरहुकूम. मग एके दिवशी सकाळी ट्रकवरून मशीन आलं आणि दारातच अडलं. ते सहा फुटांहून रुंद होतं. मशीनची मापं लिहिलेला कागद मालकाच्या टेबलाच्या खणात पडून होता. मोटर बसवायला आलेला वायरमन तसलंच मशीन दुसऱ्या गावी पाहून आला होता. सुताराला चौकट बसवतानाच दार लहान वाटलं होतं, पण साहेबांनी काढलंय म्हटल्यावर तो गप्प बसला. मी यांतल्या एकालाही काही विचारलं नव्हतं.

ट्रक खोळंबला होता. मालक तापला होता. दाराच्या एका अंगाची भिंत फोडायची ठरली. दारावरच्या लिंटलला, म्हणजे आडव्या तुळईला, टेकू दिले, पण ते कमी पडतील हे मला कळायला हवं होतं. आमचे थोरले मिस्त्री स्वतः पहार घेऊन उभे राहिले. चार-पाच घाव झाले असतील नसतील, तोच वरचे दगड एकदम ढासळले आणि त्यांचा उजवा पाय खाली सापडला.

इस्पितळात त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. दुसऱ्या दिवशी मी खाटेपाशी जाऊन उभा राहिलो तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "मशीन आत गेलं का?"

मी होकारार्थी मान डोलावली आणि मला रडू फुटलं. त्यांनी मला काही दोष दिला नाही. ठेकेदारानंही दिला नाही. बांधकामावर असं होतंच, म्हणाला. मिस्त्री मिरजगावकडच्या आपल्या गावी निघून गेले. मी पुढच्या कामावर गेलो. पण त्यानंतर कुठलंही दार आखताना माझा हात क्षणभर थांबायचा.

दोन वर्षांनी, बहात्तरच्या दुष्काळात, मला स्वतंत्रपणे पहिलं मोठं काम मिळालं. नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या सहा व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन धान्याचं गोदाम आणि त्याच्या पुढे सहा गाळे बांधायचं ठरवलं होतं. शेतात काही पिकलं नव्हतं, पण बाहेरून सरकारी धान्याचे ट्रक येत होते, लाल मिलोची, म्हणजे अमेरिकन ज्वारीची, पोती उतरत होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. व्यापाऱ्यांना घाई होती. त्यांच्यातल्या वयानं मोठ्या शेठजींनी मला जागा दाखवली, कागदावर सही केली आणि म्हणाले, "मुहूर्त आठ दिवसांवर आहे. त्या दिवशी खोदाई सुरू झाली पाहिजे."

मी तीन दिवसांत नकाशा काढला. चौथ्या दिवशी एस.टी.नं मिस्त्रींच्या गावी गेलो.

ते घरापुढे लिंबाखाली बसून खाटेची सुंभं आवळत होते. मला पाहून उठले. चालताना उजव्या अंगाला किंचित झुकायचे. चहा झाला. मी भीत भीत कामाचं सांगितलं आणि म्हणालो, "मामा, मिस्त्री म्हणून तुम्हीच पाहिजे. पण मागचं काही मनात असेल तर तसं सांगा. मी जबरदस्ती करणार नाही."

त्यांनी हातातलं सुंभ गुंडाळून बाजूला ठेवलं.

"साहेब, त्या गिरनीचं मी लई दिस मनात घोळवलं," ते म्हणाले. "मालकाला मशीन ठावं हुतं. वायरमनला ठावं हुतं. सुताराला दार ठावं हुतं. मला भिंत ठावी हुती. सगळ्याला थोडं थोडं ठावं हुतं. समदं मिळून एका जागी कवा आलंच न्हाई."

"चूक माझी होती, मामा."

"तुमची हुतीच. पर माजीबी हुती. मीबी तोंड उघडलं न्हाई." मग त्यांनी माझा नकाशा मागून घेतला. त्यांना अक्षरं वाचता येत नसत, पण रेघा बरोबर कळत. "येतो मी. पर एक अट हाय. पयली कुदळ मारायच्या आदी, त्या गोदामात ज्याचा ज्याचा पाय पडनार हाय, त्या समद्यांना जाग्यावर बोलवायचं. ते काय म्हनत्यात ते ऐकायचं. मग खोदायचं."

मी लगेच हो म्हणालो. शेठजींना हे कसं सांगायचं, याचा विचार परतीच्या एस.टी.त सुरू झाला.

शेठजींनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. "हमालांना विचारून गोदाम बांधायचं? मग तुम्हाला कशाला ठेवलंय?"

खरं म्हणजे प्रश्न बरोबर होता. म्हणून मी त्यांना गिरणीची गोष्ट सांगितली. कुणालाही न सांगितलेली. मी काय चुकलो, कुठे चुकलो, कुणाच्या पायाची बोटं गेली, सगळं. सांगताना वाटत होतं, आता हे काम जाणार. शेठजी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"मुहूर्त मोडायचा नाही," अखेर ते म्हणाले.

माझ्याबरोबर आलेले मिस्त्री दारात उभे होते. ते म्हणाले, "मुहूर्ताला नारळ फोडू की शेठजी. कुदळ टेकवू. मोप पूजा करू. खोदाईचं तेवढं मागनं."

त्यावर शेठजींना हसू आलं. खोदाईसाठी त्यांनी मुहूर्तानंतर आठ दिवसांची मुदत दिली.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चुन्याच्या फक्कीची दोन घमेली भरून घेतली. पायाची आखणी नेहमीच फक्कीनं करतात. त्यात नवल नव्हतं. पण त्या दिवशी आम्ही जमिनीवर नुसता पाया आखला नाही, अख्खी इमारतच आखली. भिंती, दारं, पायऱ्या, आत पोत्यांच्या थप्प्या कुठे लागतील ते चौकोन, पुढे सहा गाळे, प्रत्येक गाळ्याचं गिऱ्हाइकाच्या बाजूचं तोंड, फाटक. माझा कागदावरचा नकाशा खऱ्या मापानं त्या भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर उतरला. उन्हात डोळे दिपत होते. मला तो फार सुंदर वाटला, हे कबूल करतो.

मग माणसं आली. सहाही व्यापारी, हमालांचे मुकादम आणि त्यांची आठ-दहा माणसं, सुतार, वायरमन, एक ट्रक ड्रायव्हर आपला ट्रक घेऊन आणि एक शेतकरी आपली बैलगाडी घेऊन. बैल दुष्काळानं खंगलेले होते. पण मालक म्हणाला, गुरांच्या छावणीतून तेवढीच त्यांची हवापालट.

मुकादमांनी पोतं पाठीवर घेतलं. खरं, क्विंटलचं, मिलोनं भरलेलं. ते फक्कीच्या तीन पायऱ्यांपाशी आले आणि थांबले.

"ह्या कशापाई?"

"गोदामाचं जोतं उंच आहे ना. चढायला पायऱ्या," मी म्हणालो.

"साहेब, रिकाम्या मानसाला पायरी बरी. हे पाठीवर असलं की पायरी दिसत न्हाई. दिसाला दोनशे खेपा. एक पाय चुकला की मानूस गेला."

मी पायऱ्या पायानं पुसल्या आणि तिथे उतार आखला. मुकादम दारातून आत गेले. तेवढ्यात दुसरा हमाल पोतं टाकून रिकामा बाहेर आला आणि दोघं दारात अडले. साडेतीन फुटांचं दार. मी शरमेनं इकडेतिकडे पाहू लागलो. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंची फक्की पुसून दार आठ फुटांचं केलं. सुतार पुढे आला आणि म्हणाला, "आठ फुटी दार आत उघडलं तर पन्नास पोत्यांची जागा खाईल. पल्ले बाहेर उघडू द्या." वायरमन म्हणाला, विजेचा खांब ज्या कोपऱ्यात धरलाय तो ट्रक मागं घेताना आडवा येईल.

"येईल का ते बघूच," ड्रायव्हर म्हणाला आणि ट्रकवर चढला.

ट्रक फाटकातून आत शिरला, वळला आणि गोदामाच्या दाराकडे मागे मागे यायला लागला. एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे. शेवटी तो दारापाशी लागला. सगळ्यांनी खाली पाहिलं. खांबाचं फक्कीचं वर्तुळ चाकाखाली गेलेलंच होतं. पण दुसऱ्या बाजूचं चाक सरळ पहिल्या गाळ्यातून, गादी मांडायच्या जागेवरून गेलं होतं. टायरची नक्षी तिथे स्वच्छ उमटली होती.

तो कोपऱ्यावरचा गाळा शेठजींचा होता. सर्वांत मोक्याचा म्हणून त्यांनी आधीच मागून घेतलेला.

बाकीचे पाच व्यापारी एकमेकांकडे पाहत होते. प्रत्येकाच्या मनात एकच असणार: गाळा कापायचा झाला तर कुणाचा? सगळ्यांचे गाळे सरकवून प्रत्येकानं थोडं सोडलं तर ट्रकला वाट मिळत होती. पण आपण होऊन कोण बोलणार?

शेठजी त्या चाकोरीपाशी गेले. धोतराचा सोगा आवरून खाली वाकले आणि बोटानं टायरच्या खुणेची रुंदी पाहिली. मग उभं राहून म्हणाले, "ट्रकनं मलाच उठवलं की गादीवरून."

सगळे हसले. ते स्वतःही हसले. मग गंभीर होऊन त्यांनी मला विचारलं, "किती सोडावं लागेल?"

"चार फूट."

"दोन माझ्यातले घ्या. उरलेले दोन सगळ्यांनी मिळून वाटून घ्या. काय हो?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला वाटतं, ते गोदाम खऱ्या अर्थानं त्या क्षणी उभं राहिलं. नंतरचे सात महिने दगड, वाळू, परमिटचं सिमेंट आणि टँकरच्या पाण्यासाठी वणवण होती. पण भांडण असं झालं नाही. पाणी मिळेल तेव्हा लगेच बांधता यावं म्हणून मिस्त्रींनी आधी सगळा दगड घडवून रचून ठेवायला लावला आणि बांधकाम ओल्या गोणपाटानं झाकून सावकाश पक्कं होऊ दिलं. माल उतरवायला ट्रकच्या उंचीचा धक्का एका बाजूला केला. बैलगाडी ठेंगणी, म्हणून दुसऱ्या बाजूला भराव टाकून जमीनच उचलून घेतली. ही युक्ती गाडीवाल्या शेतकऱ्याची. एकही भिंत पुन्हा फोडावी लागली नाही.

गोदाम सुरू झालं त्या दिवशी मी एका खांबाला टेकून उभा राहिलो आणि दोन हमाल दारातून एकमेकांना न शिवता गेले-आले ते पाहत बसलो. इतका अभिमान मला नंतरच्या मोठमोठ्या इमारतींचाही वाटला नाही.

पण ही गोष्ट इथं संपवली तर ती खोटी होईल.

महिन्याभरानं मी सहज तिथे गेलो. धक्क्यापुढे भर उन्हात पाच-सहा बायका फाटकी पोती शिवत, सांडलेलं धान्य पाखडत बसल्या होत्या. ट्रक आला की उठून बाजूला व्हायच्या, गेला की पुन्हा येऊन बसायच्या. एकीचं तान्हं पोर पोत्यांच्या आडोशाला निजवलेलं होतं, चाकापासून दहा हातांवर.

त्यांच्यातल्या वयस्कर बाईंना मी म्हणालो, "मावशी, इथं बसू नका. धोका आहे."

"मग बसायचं कुटं, साहेब? आत थप्प्या. पुढं गाळे. आमाला जागाच न्हाई ठिवली."

"आखणी केली त्या दिवशी का नाही सांगितलं?"

त्यांनी सुई पोत्यात खुपसून ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, जणू मी काहीतरी बावळटासारखं विचारलं होतं.

"आमी त्या समोरच्या बाभळीखाली पोती शिवत हुतो की दिसभर. बगत हुतो. आमाला कुनी हाक मारली?"

मारली नव्हती. ज्याचा ज्याचा पाय पडणार त्याला बोलवायचं असं आम्ही म्हणत होतो आणि ज्या रोज दहा तास तिथे बसणार होत्या त्या आम्हाला समोर असून दिसल्या नव्हत्या. मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते "माज्या ध्येनातच आलं न्हाई," एवढंच म्हणाले.

बायकांसाठी एक छपरी घालू म्हटल्यावर शेठजींनी खळखळ केली नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि मिस्त्री गेलो आणि मावशींना विचारलं, कुठे हवं. त्या गोदामाला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीकडे गेल्या, पाय पसरून खाली बसल्या, मांडीवर एक पोतं घेतलं आणि तोंड इकडे-तिकडे वळवून उजेड कुठून येतो ते पाहिलं. मग बसल्या जागेवर तळहात आपटून म्हणाल्या, "हितं. आन् पान्याचा रांजन त्या अंगाला, वाऱ्याच्या आड. पोराचा पाळना टांगायला एक आडवं लाकूड लागंल."

मिस्त्री टेप सोडायला लागले. मी वहीत लिहून घेऊ लागलो. बाकीच्या बायका येऊन उभ्या राहिल्या आणि एक जण म्हणाली, लाकूड जरा खाली घ्या, माझा हात पोचत नाही. मी वहीतलं माप खोडून ते खाली घेतलं.